एकशे सव्वीस नंबरचा गहू

“श्वास धरा ताई, न्हाईतर मशीन तुमचाच वारा मोजायचं,” ठकूबाई म्हणाली.

हे मीच तिला आठवड्यापूर्वी शिकवलं होतं. आता ती मला शिकवत होती. मी श्वास धरला, ओंबीच्या खालचं शेवटचं पान मशीनच्या चिमट्यात घातलं आणि आकडा स्थिर होईपर्यंत तशीच वाकून उभी राहिले. मार्चचा मध्य, दुपारचे अडीच, सावलीत अडतीस अंश. वाफ्यात सावली कुठली असायला. एक काळी छत्री होती, ती ठकूबाईने मशीनवर धरली होती. मशीन विद्यापीठाचं, वीस दिवसांसाठी उसनं आणलेलं, त्याला ऊन लागून चालणार नव्हतं. मला लागलं तर कोणाची हरकत नव्हती.

“चौदा,” मी म्हणाले आणि श्वास सोडला.

“आन् शेजारचा?”

“सहा.”

ती हसली नाही. पदर कपाळावर पुढे ओढून म्हणाली, “मंग, साहेबांचा गहू हाये तो.”

या गोष्टीला आता एकोणीस वर्षं झाली. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, गव्हावर पीएच.डी. करत होते, आणि जगातली सगळी कटकट आपल्याच वाट्याला आली आहे असं मला रोज दुपारी दोननंतर वाटायचं. आमचं संशोधन केंद्र गोदावरीकाठच्या काळ्या जमिनीत होतं. तालुक्याचं गाव सहा किलोमीटरवर, एसटी दिवसातून तीनदा, आणि मार्च लागला की ऑफिसातला पंखासुद्धा गरम वारा घालायचा. तिथे डॉ. खैरनार सर गव्हाचे पैदासकार, म्हणजे नवे वाण तयार करणारे, होते. सतरा वर्षं ते एकाच गोष्टीच्या मागे लागले होते. उन्हात न थकणारा गहू.

मुद्दा साधा आहे. पान म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर. हवा घ्यायची, पाणी घ्यायचं, उन्हाच्या आचेवर साखर शिजवायची. हे काम किती जोरात चाललंय, तोच मशीनचा आकडा. पण गहू हा थंडीचा गडी. वीस-पंचवीस अंशांपर्यंत त्याचं पान मन लावून काम करतं, तिशीच्या पुढे हात आखडता घेतं, आणि पस्तीसच्या वर गेलं की ऊन भरपूर असूनही घरात शिजत काहीच नाही. उलट साठवलेलं होतं तेच खाऊन संपवतं. नेमके हेच दिवस दाणा भरायचे. मग दाणा चिमतो. आमच्याकडचा मार्च दर वर्षी थोडा लवकर तापायला लागला होता, आणि ज्यांचा कांदा नाहीतर ऊस उशिरा निघतो त्यांचा गहू बरोबर या तापात सापडत होता.

म्हणून आम्ही मुद्दाम जानेवारीत पेरायचो. वेगवेगळे वाण शेजारीशेजारी, प्रत्येकाचे तीन छोटे वाफे, वाफ्यात चार ओळी, खुंटीवर नंबर. फुलोऱ्यात शेवटचं पाणी द्यायचं आणि मग पाणी तोडायचं. सगळ्यांचं एकाच दिवशी. त्यानंतर ऊन आणि गहू, मधे कोणी पडायचं नाही. या कुस्तीत टिकेल तो पुढे जाणार. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दिल्लीहून येणाऱ्या निवड समितीपुढे सर आपला एकशे सव्वीस नंबरचा वाण मांडणार होते. मेअखेर ते निवृत्त होणार होते. म्हणजे एकशे सव्वीस यंदा पास झाला तर झाला. सरांनंतर त्याला विचारणारं कोणी नव्हतं, हे केंद्रावरच्या शिपायालाही माहीत होतं.

आणि एकशे सव्वीस टिकत होता. रोज दुपारी शेजारच्या वाणांची पानं सहा-सातवर येऊन बसायची आणि एकशे सव्वीस चौदा, कधी पंधरा. मी वही घेऊन सरांच्या खोलीत जायचे. सर चष्मा कपाळावर चढवून आकड्यांवरून बोट फिरवायचे, लहान मुलाच्या प्रगतिपुस्तकावरून फिरवावं तसं.

“पानाचं तापमान बघितलंस?” त्यांनी एकदा विचारलं.

मी बघितलं नव्हतं. मशीन ते दुसऱ्या रकान्यात देतं, आणि माझा सगळा जीव पहिल्या रकान्यात. बघितलं तर शेजारच्यांची पानं अडतीस-एकोणचाळीस अंश आणि एकशे सव्वीसची तेहेतीस.

“पाच अंश,” सर म्हणाले. “घाम काढून स्वतःला गार ठेवतंय बघ. मुळं खोल गेली असणार. सतरा वर्षं मी हेच म्हणतोय.” मग ते खुर्चीत मागे टेकले. मला त्यांच्यासाठी फार आनंद झाला. आपल्या हातून कुणाचं तरी भलं होतंय, असं त्या उन्हाळ्यात मला पहिल्यांदा वाटलं.

त्या तेहेतीसने आम्हाला दोघांनाही फसवलं. जे बघायची आयुष्यभर वाट पाहिली ते दिसलं की माणूस खाली वाकून माती बघत नाही. दुसऱ्या कोणी ते आकडे बघितले असते तर पहिला प्रश्न विचारला असता, पाणी कुठून आलं? आम्ही शिकलेले, आम्ही मुळं खोल गेली म्हणालो.

त्या सोमवारी मी दुपारच्या सुट्टीत जेवायला ऑफिसात आले आणि मशीनची जादा बॅटरी बांधावर राहिली हे डबा उघडल्यावर आठवलं. उन्हात बॅटरी ठेवणं म्हणजे विद्यापीठाकडून वर्षभर बोलणी खाणं. डबा तसाच झाकून मी परत निघाले. रोजावरच्या बाकीच्या बाया फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली भाकरी सोडून बसल्या होत्या. त्यांच्यात ठकूबाई नव्हती.

ती वाफ्यात होती. हौदापासून वाफ्यापर्यंत ती कळशी घेऊन येत होती, डोक्यावर नाही, कमरेवर, लांबून दिसू नये म्हणून थोडी वाकून. एकशे सव्वीसच्या तिसऱ्या वाफ्यात तिने ओळीच्या बुंध्याशी हळूच धार धरली. कळशी रिकामी झाल्यावर खाली बसली आणि मुठीतली कोरडी माती ओल्यावर भुरभुरवली. अगदी सराईत हाताने.

मी तिथेच बांधावर उभी राहिले. तिने वर बघितलं, मला पाहिलं, आणि आधी कळशी मागे लपवली. साठीला टेकलेली बाई, कळशी मागे लपवते.

“किती दिवस?” मी विचारलं.

“एक दिसाआड,” ती म्हणाली. “येका वाफ्याला चार कळश्या. लई न्हाई.”

“पाणी तोडल्यापासून?”

तिने मान हलवली.

“मावशी, अहो, सगळ्यांचं तोडायचं असतं. तुम्हाला काय हे आज सांगतेय मी? वीस वर्षं तुम्ही इथे आहात.”

“म्हाईत हाये,” ती म्हणाली. “म्हनून तर माती टाकते वरून. तुमी लोकं ओल बघितली की वहीत लिवता.”

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी बांधावर बसले. तीही चार हातांवर खाली बसली, कळशी मांडीशी घेऊन. मग कोणी न विचारता सांगायला लागली. फेब्रुवारी सरता सरता सर एकदा संध्याकाळी इथेच बसले होते. पानांची टोकं पिवळी पडायला लागली होती. सर तिला म्हणाले, ठकूबाई, हा पण गेला तर मी काय केलं म्हणून सांगू? आणि डोळे पुसले.

“येवढा मोठा मानूस,” ती म्हणाली. “आन् ताई, ह्यो गहू काय नुसता त्यांचा न्हाई. ह्याचं लगीन म्या लावलंय.”

ते खरं होतं. दोन वाणांचा संकर करायचा तर एका ओंबीतले सगळे नर, केसरागत बारीक, चिमट्याने एकेक काढावे लागतात, मग दुसऱ्याचे परागकण सोडायचे आणि वरून कागदी पिशवी बांधायची. एकही नर राहिला तर सगळं फुकट. सरांची नजर तेव्हाही अधू होती. एकशे सव्वीसची पहिली ओंबी ठकूबाईने साफ केली होती, सतरा वर्षांपूर्वी, पहाटे बोटं गारठलेली असताना. बाया संकर म्हणत नाहीत, लगीनच म्हणतात.

“आपण लगीन लावलेलं पोर उन्हात उभं,” ती म्हणाली, “आन् पान्याचा हौद शंभर पावलांवर. म्या काय करायचं मंग?”

“आजपासून बंद,” मी म्हणाले. “नाहीतर मला सरांना सांगावं लागेल.”

सर हा शब्द ऐकल्यावर ती उठली. “त्येंना नका सांगू,” म्हणाली, “म्या न्हाई घालत.” आणि कळशी उपडी करून, थेंब निथळवून, हौदाकडे गेली.

मी पाच दिवस कोणाला काही बोलले नाही, वही घेऊन सरांच्या खोलीतही गेले नाही. रोज दुपारी अडीच वाजता तेच वाफे, तीच छत्री. ठकूबाई छत्री धरायची पण आता आकडा विचारत नव्हती. पहिल्या दिवशी चौदा. दुसऱ्या दिवशी बारा. मग नऊ. चौथ्या दिवशी पानाचं तापमान अडतीस झालं, आणि पाचव्या दिवशी एकशे सव्वीस सहावर येऊन शेजाऱ्यांच्या रांगेत बसला. खोल मुळं वगैरे काही नव्हतं. साधा गहू होता, पाणी मिळेपर्यंत हसत होता, बाकीच्यांनाही मिळालं असतं तर तेही हसले असते.

त्या पाच दिवसांत मी किती बहाणे शोधले ते सांगण्यासारखं नाही. मशीन बिघडलं असेल. वाफ्यात उंदरांनी बिळं केली असतील. पहिले आकडे दिले तर कोण विचारणार आहे? माझा प्रबंध त्याच आकड्यांवर उभा होता, हेही होतंच. पण खरं सांगायचं तर प्रबंधापेक्षा सरांचं ते वहीवरून फिरणारं बोट डोळ्यांपुढून जात नव्हतं. शनिवारी मी वही उचलली आणि त्यांच्या खोलीत गेले.

सर खुर्चीवर ओला पंचा टाकून बसले होते. गुडघे दुखत म्हणून पाय दुसऱ्या खुर्चीवर. मी उभ्याउभ्याच वही उघडून पुढे केली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला नाही. वहीकडे बघितलंसुद्धा नाही.

“बस,” ते म्हणाले. “तुला कधी कळलं?”

“सोमवारी,” मी म्हणाले.

“मला त्याच्या आदल्या बुधवारी. सहज बुंध्याशी बोट घातलं. शेतकऱ्याचा पोरगा आहे मी, माती उकरल्याशिवाय हाताला चैन पडत नाही. वर धूळ आणि खाली चिखल.” ते थोडं हसले. “माती टाकायची युक्ती चांगली होती.”

म्हणजे मी वही घेऊन येत होते, चौदा, पंधरा सांगत होते, आणि ते शेवटचे पाच-सहा दिवस सगळं माहीत असताना आकड्यांवरून बोट फिरवत होते. मला राग यायला हवा होता. मला फक्त थकवा आला.

“सर, मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“तुझ्या लक्षात येऊ नये असं वाटत होतं,” ते म्हणाले. “अगदी मनापासून वाटत होतं. बॅटरी, वही, तुझी ती वेंधळी धावपळ... म्हटलं, ही नाही बघायची खाली. समिती येईल, आकडे बघेल, टाळ्या वाजतील, मी घरी जाईन. एखाद्याच्या शेतात मार्चमधे त्याचं काय होतं हे कळायला तीन-चार वर्षं लागतात. तोवर माझ्या नावाचा गहू लोकांच्या घरात असेल.”

बाहेर पंपाचा आवाज येत होता. केंद्राच्या फळबागेला पाणी चालू होतं.

“मी गप्प राहू का?” मी विचारलं. आणि हे इथे सांगून टाकते, मी ते मनापासून विचारलं होतं. त्यांनी हो म्हटलं असतं तर मी वही बंद केली असती.

सरांनी पाय खुर्चीवरून खाली घेतले. एकेक पाय हाताने उचलून.

“एकट्याला माहीत होतं तोवर गिळता आलं असतं,” ते म्हणाले. “आता दोघांना माहीत झालं. उद्यापासून मी तुझ्या तोंडाकडे बघणार आणि तू माझ्या. निरोपाच्या सत्कारात तू पहिल्या रांगेत बसशील. नाही जमायचं ते. घे, लिही.”

मी लिहून घेतलं. वाफ्यांना नियोजनाबाहेरील ओलावा मिळाल्याने दिनांक अमुकपर्यंतचे आकडे ग्राह्य धरू नयेत. त्यानंतरच्या आकड्यांनुसार एकशे सव्वीस क्रमांकाचा वाण उष्णता सहन करण्याच्या बाबतीत प्रचलित वाणांपेक्षा सरस आढळत नाही. सबब तो मागे घेण्यात येत आहे. सरांनी शेवटचं वाक्य दोनदा वाचायला लावलं आणि ‘सबब’ काढून ‘म्हणून’ घाला म्हणाले. मग सही केली.

“ओलावा कुठून आला ते लिहायचं नाही,” ते म्हणाले. “आणि ठकूबाईला यातलं एक अक्षर बोलायचं नाही. मी दोन महिन्यांनी इथे नसेन. तिला अजून इथेच रोजावर यायचं आहे. आपल्या पाण्यामुळे माझा गहू खोटा ठरला, हे तिच्या डोक्यात घालून मी जाणार नाही. ऊन लागलं म्हणून गेला, एवढंच.”

मी हो म्हणाले. हो म्हणणं तेव्हा सोपं वाटलं.

समिती आली, चहा घेतला, दुसऱ्या केंद्राचे दोन वाण पुढे पाठवले आणि गेली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही वाफे कापायला घेतले. एकशे सव्वीसचे तीनही वाफे ठकूबाईने मागून घेतले. मी वजनासाठी पिशव्यांवर नंबर घालत शेजारच्या बांधावर बसले होते. सर त्या दिवशी आले नाहीत. गुडघे दुखतात असा निरोप होता.

अर्धा वाफा कापून झाल्यावर ती थांबली. एक ओंबी तळहातावर चोळली, फुंकर मारून भूस उडवलं आणि हात माझ्यापुढे धरला. दाणे जिऱ्याएवढे, पोटं आत गेलेले.

“बगा,” ती म्हणाली.

“बघितलं मावशी.”

“चार कळश्या,” ती म्हणाली. “येक दिसाआड चार कळश्या. जगला असता तो. तुमी बंद करायला लावलं.”

तिच्या आवाजात राग नव्हता. भांडण तर अजिबात नव्हतं. हवा कशी आहे ते सांगावं तसं ती सांगत होती. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. तुझ्या कळश्यांमुळेच आम्ही आंधळे झालो, तुझ्या पाण्यावर तो पास झाला असता तर ज्यांच्याकडे मार्चमधे विहिरीला पाणी नाही त्यांच्या शेतात तो असाच मेला असता, आणि त्याला मागे घ्यायच्या कागदावर तुझ्या साहेबांनीच सही केली. एकेक वाक्य खरं होतं. पण मी शब्द दिला होता, आणि शब्द दिला नसता तरी त्या तळहाताकडे बघून मला ते बोलता आलं असतं असं वाटत नाही.

“हो,” मी म्हणाले. “मीच लावलं.”

तिने दाणे मुठीत घेतले. फेकले नाहीत. पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवले. त्यानंतर मी त्या केंद्रावर चार वर्षं होते आणि ती रोज माझ्याबरोबर वाफ्यात होती, छत्री धरायची, पिशव्या बांधायची, पण तिच्या लेखी साहेबांचा गहू मी मारला होता आणि मी ते कबूलही केलं होतं. सर मेअखेर निवृत्त झाले. मीही पुढे दुसरीकडे गेले, आता माझ्या हाताखाली तीन मुली पीएच.डी. करतात, मार्चमधे दुपारी चिमटे घेऊन उभ्या असतात, आणि हल्ली जे आकडे त्या आणतात ते बघून मला त्या दुपारचे सहा बरे वाटायला लागले आहेत. उन्हात न थकणारा गहू अजून कोणाला सापडलेला नाही. शोधणारे मात्र थकतात.

पण तेव्हा, त्या कापणीच्या दिवशी, ठकूबाई पदराची गाठ आवळून झाल्यावर लगेच उठली नव्हती. ती माझ्याकडे बघत राहिली होती.

“ताई, येक सांगा,” ती म्हणाली. “तुमचं ते मशीन. आमी पाच दिस त्यो चिमटा लावला. ह्याचा जीव जातोय हे मशीन सांगत नव्हतं का?”

“सांगत होतं.”

“रोज?”

“रोज सांगत होतं, मावशी.”

“मंग तुमी काय केलं?”

“लिहून घेतलं,” मी म्हणाले.

तिने मान हलवली, विळा उचलला आणि राहिलेला अर्धा वाफा कापायला बसली.